आई-नानांना: पैसे नक्की देतं कोण

इंदिरानगर, नाशिक

तीर्थरूप नाना आणि आईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

नाना, दिवाळीत तुम्ही विचारलंत, "लिहिण्याचे पैसे तुला नक्की देतं कोण?" उत्तर दोन वाक्यांत मावणारं नव्हतं आणि फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही, म्हणून सवडीने कागदावर लिहिते आहे. आईने मोठ्याने वाचून दाखवावं. तिच्याही एका प्रश्नाचं उत्तर यात आहे.

तुमचा प्रश्न रास्त होता. 40 वर्षं तुम्ही द्राक्षांचा माल विकलात, पण व्यापाऱ्याचा गाळा पाहिल्याशिवाय गाडी भरू दिली नाहीत. इथे तर समोर माणूसच नाही. तरी व्यवहार तुमच्या ओळखीचाच आहे. माझ्या संकेतस्थळावरचं पान कोणी मोबाइलवर उघडलं की त्यावरच्या जाहिरातीच्या जागेसाठी गूगलकडे लिलाव होतो. लासलगावला ट्रॉलीभोवती व्यापारी बोली लावतात तसाच, फक्त डोळ्याची पापणी लवायच्या आत उरकणारा. ज्याची बोली वरचढ, त्याची जाहिरात वाचणाऱ्याला दिसते. जाहिरातदाराने मोजलेल्या पैशातले साधारण 68 टक्के लिहिणाऱ्याच्या वाट्याला येतात, उरलेली गूगलची आडत. खात्यात 100 डॉलर साठल्याशिवाय रक्कम सुटत नाही. साठले की पुढच्या महिन्याच्या 21 ते 26 तारखेच्या दरम्यान निघते आणि बँकेत रुपयांत जमा होते.

तुमच्या घरी एकदा पोस्टमन परदेशी दिसणारं पातळसं पाकीट देऊन गेला होता, ते आठवतं? खात्यात पहिले 10 डॉलर झाले की हे लोक पत्ता खरा आहे का ते तपासायला टपालाने सहा आकडी पिन पाठवतात. तो चार महिन्यांत भरला नाही तर जाहिराती बंद होतात. आमचं इथलं घर तेव्हा भाड्याचं, म्हणून मी गावचा पत्ता दिला होता. तुम्ही ते पाकीट न फोडता पंचांगात ठेवलंत आणि मी आल्यावर माझ्या हातात दिलंत. त्या कागदावर माझी कमाई सुरू झाली.

मी लिहायला लागले तेव्हा मराठी पानाला या जाहिराती मिळतच नव्हत्या. हिंदीला त्यांनी 2014 च्या डिसेंबरात दार उघडलं, मराठीला त्यानंतर काही वर्षांनी. तोवर लिहिणं फुकटच होतं. मुलगी लहान होती, नोकरी सोडलेली होती आणि तुमच्या बागेतलं मला जे येत होतं ते मांडायची हौस होती, एवढंच. मग 2016 च्या सप्टेंबरात जिओ आलं, बांधावर बसलेल्या माणसाच्या हातात इंटरनेट आलं, आणि निफाड, दिंडोरी, चांदवड, थेट सांगली-तासगावपर्यंतचे बागायतदार रात्री वाचायला लागले.

काय वाचतात ते सांगते. माझ्या सगळ्या लिखाणात सर्वांत जास्त उघडलं जाणारं पान बुरशीवर फवारायच्या बोर्डो मिश्रणाचं आहे, आणि त्यातलं एकही वाक्य माझं नाही. एक टक्क्याच्या मिश्रणाला 100 लिटर पाणी, एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना, हे कोणत्याही पुस्तकात मिळतं. तुम्ही मला शिकवलं ते त्याच्या पुढचं. मोरचूद लोखंडी भांड्यात कधी भिजवायचं नाही, प्लॅस्टिकचंच पिंप घ्यायचं. चुना वेगळा विरवायचा, गोणपाटातून गाळायचा. दोन्ही पाणी तिसऱ्या पिंपात एकाच वेळी धारेने सोडायचं आणि काठीने ढवळत राहायचं. मग विळ्याचं पातं त्यात थोडा वेळ धरायचं. पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडलाय, चुन्याची निवळी ओतत जायची आणि पातं स्वच्छ निघेपर्यंत पुन्हा पाहायचं. केलेलं मिश्रण त्याच दिवशी संपवायचं. त्या विळ्याचा फोटो मी लावला आहे, मुठीला सुतळी गुंडाळलेला तुमचाच विळा. पावसाळा लागला, डाऊनी या बुरशीच्या रोगाची भीती सुरू झाली की त्या पानावर झुंबड असते. फोटो पाहून फवारणी थांबवली, चुना वाढवला, कोवळी पानं करपता करपता वाचली, असं लोक मला कळवतात.

यातून मला एक गोष्ट पक्की कळली. पैसे जाहिरातीतून येतात हे खरं, पण जाहिरातीपर्यंत माणूस येतो तो त्या विळ्यासाठी. माहितीची चणचण कोणालाच नाही. रात्री अकराला छाटणीचे मजूर ठरवून बसलेल्या माणसाला विश्वासाने विचारता येईल असा कोणीतरी हवा असतो. मला तो विश्वास आयता मिळाला, तुमच्या बागेच्या नोंदींच्या वह्यांमुळे.

आई, आता तुझं. गेल्या महिन्यात तू फोनवर म्हणालीस की घराचा हप्ता चालू असताना एवढी मोठी रक्कम का सोडली. कुठल्या कंपनीची ती सांगत नाही, त्याने काही फरक पडत नाही. त्यांचं एक टॉनिक होतं. ते आपल्या बागेत वापरलं, मणी फुगला, रंग आला, असं मी लिहावं आणि वर जाहिरात असल्याचं कुठे म्हणू नये, अशी त्यांची अट होती. आपल्या बागेत ते कधी आलेलंच नाही. कायद्याचं म्हणशील तर 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात फसव्या जाहिरातीला 10 लाखांपर्यंत दंड आहे, पुन्हा केली तर 50 लाखांपर्यंत, आणि शिफारस करणाराही त्यातून सुटत नाही. पैसे घेतले असतील तर वाचणाऱ्याला स्पष्ट सांगणं बंधनकारक आहे.

पण मी नकार दिला तो दंडाला घाबरून नाही. मला 2010 चा हंगाम आठवला. वाढ रोखायला सगळीकडे वापरलं जाणारं क्लोरमेक्वाट, आपलं सीसीसी, युरोपात द्राक्षांत मर्यादेपेक्षा जास्त सापडलं आणि कंटेनर तिकडच्या बंदरांत अडकले. आपला माल इथेच पडला, मिळेल त्या भावाने गेला. नाना तेव्हा किती दिवस जेवताना बोलत नव्हते ते तू पाहिलंस. कोणी सांगितलं म्हणून बागेत घातलेल्या एका औषधाने काय होतं ते ज्या घराने सोसलं, त्या घरातल्या मुलीने न वापरलेल्या औषधाची हमी द्यायची? हप्ता आम्ही भरतोय, तुझे जावई सातपूरला जातायत, माझंही बरं चाललंय. तू काळजी करू नकोस.

जाहिरात मी घेतच नाही असंही नाही. माती-पाणी तपासणारी एक प्रयोगशाळा आणि एक रोपवाटिका दर हंगामाला पैसे देतात. त्यांच्या मजकुरावर ठळक अक्षरांत "जाहिरात" लिहिलेलं असतं आणि त्यात माझा अनुभव म्हणून एक शब्द नसतो. औषधांचं काहीही लिहायच्या आधी मी पुण्याजवळच्या मांजरी गावातल्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राची शिफारशीची यादी उघडते. यादीत नसेल तर लिहीत नाही.

उत्पन्न बारमाही सारखं नसतं, हे तुम्हाला समजावून सांगायला नको. ऑक्टोबर छाटणीपासून वाचणारे वाढतात, त्यातच दिवाळीमुळे जाहिरातदार हात सैल सोडतात. जानेवारी उजाडला की दर एकदम पडतात. म्हणून डिसेंबरात आलेले पैसे मी उन्हाळ्यासाठी बाजूला काढून ठेवते, तुम्ही बेदाण्याचे ठेवायचात तसे.

आणि गेल्या काही काळात एक मोठा बदल झालाय. 2024 च्या ऑगस्टपासून गूगल आपल्याकडेही हिंदी-इंग्रजीत यंत्राने तयार केलेलं उत्तर सगळ्यांत वर दाखवायला लागलं. माणसाला वरच उत्तर मिळालं की तो खाली कशाला येईल? साध्या प्रश्नांची पानं त्यामुळे ओस पडत चाललीत. "एकरी किती शेणखत" हे विचारायला आता माझ्याकडे कोणी येणार नाही. काळ्या जमिनीत, पाणी धरणाऱ्या प्लॉटमध्ये, सलग तीन दिवस ढगाळ राहिल्यावर तुम्ही काय केलंत आणि त्याचं पुढे काय झालं, हे मात्र यंत्राला कुठून ठाऊक? ते तुमच्या वहीत आहे. ओळखीचे लोक म्हणतात, 2027 च्या सिंहस्थावर लिही, लाखो लोक शोधतील, रामकुंड, पर्वणी, राहायची सोय, वर्षभर कमाई होईल. होईलही. पण ते लिहिणारे पुष्कळ आहेत, आणि माझ्या वाचकाला माझ्याकडून द्राक्षावरच्या भुरी रोगाचं ऐकायचं असतं. मी बाग सोडणार नाही.

सध्या मला जाहिरातीपेक्षा जास्त आधार फवारणीच्या नोंदवहीचा आहे. तुमच्या वहीचे रकाने मी जसेच्या तसे उचलले: तारीख, प्लॉट, छाटणीनंतरचा दिवस, औषध, 100 लिटरला मात्रा, काढणीआधी किती दिवस थांबायचं, आणि शेवटी तुमचा तो "हवा" रकाना. बाजारात मिळणाऱ्या छापील वह्यांत हा शेवटचा रकाना मी कुठेच पाहिला नाही. निर्यातीसाठी माल देणाऱ्याला नोंदी दाखवाव्याच लागतात, म्हणून वही खपते. रविवार कारंजाजवळ छापून घेते आणि पोस्टाने पाठवते. पहिल्या पानावर तुमचं नाव आहे.

आई, मणी विरळणीचं पान तुझं आहे. घडाचा शेंडा कुठे खुडायचा, पाकळ्या, म्हणजे घडाचे बाजूचे फाटे, किती ठेवायच्या, कात्री कशी धरली की मण्याला टोक लागत नाही, हे मी तुला फोनवर विचारून लिहिलं. ते पान बायकाच एकमेकींना पाठवतात. विरळणी करणारे हात बायकांचे, आणि त्यांना उद्देशून कोणी लिहीतच नव्हतं. तुला ठाऊक नसेल, पण मोहाडीकडची एक मुकादम बाई तिच्या टोळीला कामाआधी ते मोठ्याने वाचून दाखवते. एक मात्र विनंती. बचत गटातल्या सगळ्यांना माझ्या पानावरच्या जाहिरातीवर बोट लावायला सांगू नकोस. तू मायेने करतेस, पण गूगलला तो खोटा व्यवहार वाटतो आणि ते खातं कायमचं बंद करतात. त्यांना लेख वाचू दे, तेवढं पुरे.

आता मुद्द्याचं. नोंदवहीच्या विक्रीतला अर्धा नफा या हंगामापासून नानांच्या खात्यात आणि विरळणीच्या पानाचं जे येईल ते आईच्या खात्यात जमा करणार आहे. "लेकीचे पैसे घेत नाही" असं नाना म्हणतील हे मला माहीत आहे. हे लेकीने दिलेले पैसे नाहीत. तुमच्या मालाचे आहेत, तुम्ही पिकवलेला माल मी बाजारात नेला इतकंच. हे शेतीचं उत्पन्न धरलं जाणार नाही, त्यामुळे विवरणपत्रात वेगळं दाखवावं लागेल. मी सीएशी बोलले आहे, त्याची काळजी मी घेईन.

त्याबदल्यात मला माडीवरच्या पत्र्याच्या पेटीतल्या वह्या हव्यात. 2014 च्या मार्चमधल्या गारपिटीनंतर तुम्ही बाग कशी उभी केलीत, कोणत्या काड्या राखल्यात, कोणत्या काढल्यात, ते सलग लिहायचं आहे. आता गारपीट केव्हाही होते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी काय करायचं ते शांतपणे सांगणारं कोणी नसतं. त्या वर्षीची आणि पुढच्या दोन वर्षांची वही बाजूला काढून ठेवा. एसटीने कोणाबरोबर पाठवू नका, गहाळ झाल्या तर दुसरी प्रत नाही. शनिवारी मी येते, तिथेच बसून एकेका पानाचे फोटो काढीन आणि वह्या परत पेटीत ठेवीन. तुमचं अक्षर जिथे लागणार नाही तिथे तुम्ही शेजारी बसा.

येताना आईचे डोळ्यांचे थेंब आणते. जुन्या चिठ्ठीवरचं नाव पुसट झालंय, तेवढं बाटली पाहून फोनवर सांग. आणि दोघांच्या पासबुकांचं पहिलं पान भाच्याकडून फोटो काढून मला पाठवा, म्हणजे शनिवारी यायच्या आधीच पहिली रक्कम टाकते.

तुमची,
लेक