काका पहिलं काय बोलला होता, बाबा?

कॅलिफोर्निया,
रविवार, १० ऑगस्ट

तीर्थरूप आई-बाबांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

आई, परवा फोनवर तू पुन्हा विचारलंस, "डॉक्टरेट झाली ना, मग आता अजून कसलं शिकतेस?" दर वेळी अर्धवट काहीतरी सांगून सुटते, म्हणून आज नीट लिहिते. इथे मानसशास्त्रात डॉक्टरेट मिळाली तरी लगेच स्वतःच्या नावाची पाटी लावता येत नाही. एकूण ३००० तास कुणाच्या तरी देखरेखीखाली काम करावं लागतं, त्यातले निदान १५०० डॉक्टरेटनंतरचे. तालमीत उतरलेय, पण वस्ताद अजून कडेला बसून डाव बघतायत, असं समज. परीक्षा पुढे आहेच.

माझं काम ऑटिझमचं, म्हणजे लहानपणापासूनच ज्यांचं बोलणं-मिसळणं वेगळं असतं अशा माणसांचं. ऑटिझम म्हटलं की लोकांना लहान मुलं आठवतात. माझ्याकडे येतात ती पन्नाशीची माणसं, आणि त्यांचा हात धरून ऐंशीच्या आया. इथे १९६९ चा लँटरमन कायदा आहे. विकासात्मक अक्षमता असलेल्या माणसाला त्याखाली जन्मभर मदत मिळते, राज्यभर त्यासाठी २१ केंद्रं आहेत. पण ती अक्षमता वयाच्या १८ वर्षांच्या आतली आहे हे दाखवावं लागतं. आता केस पिकलेल्या माणसाचं लहानपण आणायचं कुठून? मी जुनी प्रगतिपुस्तकं आणि फोटोंचे अल्बम धुंडाळत बसते. ९३ प्रश्नांची एक मुलाखत आहे, आईवडिलांची घ्यायची. त्यातले बरेच प्रश्न मूल चार-पाच वर्षांचं असताना कसं होतं, यावर येऊन थांबतात. पुष्कळदा उत्तर द्यायला कुणी उरलेलंच नसतं. अशा दिवशी घरी येताना मला बंडूकाका आठवतो, आणि तुम्ही, बाबा.

गेल्या महिन्यातली एक गोष्ट सांगते. नावगाव सांगत नाही, तसा नियमच आहे, आणि ओळख पटू नये म्हणून एखाददुसरी गोष्ट बदललीय. एक माणूस, बोलणं जवळजवळ नाही, दिवसातून वीस-वीस वेळा स्वतःच्या गालावर बुक्की मारायचा. घरचे म्हणाले, हट्ट. आधीच्या कागदांवरही तसंच. आम्ही नेहमीप्रमाणे तक्ता मांडला: मारण्याआधी काय झालं, मारल्यावर कोण काय करतं. तीन दिवस काही हाती लागेना. चौथ्या दिवशी जेवताना त्यानं थंड पाण्याचा ग्लास हातानं लांब सारला, आणि जरा वेळानं तेच पाणी पेल्यात ठेवून कोमट झाल्यावर प्यायला. दाढ किडली होती. दाढ काढली, पंधरा दिवसांत बुक्क्या थांबल्या. वस्तादबाई एवढंच म्हणाल्या की दाताकडे पहिल्याच दिवशी बघायला हवं होतं. मला फार लागलं ते.

आता काकाबद्दल. बाबा, तुम्ही म्हणालात, यंदा फार चिडचिड करतोय, परवा पेपरच फाडला. मी दोन रविवार व्हिडिओवर त्याच्याकडे नीट बघितलं. एक गोष्ट तुमच्या ध्यानात आलीय का? आपल्या घरात पावसाळ्यातली पहिली बातमी काका द्यायचा. पंचगंगेचं पाणी राजाराम बंधाऱ्यापाशी इतके फूट इतके इंच, राधानगरी धरणाचे सातातले किती दरवाजे उघडले, इशारा ३९ फुटांना, धोका ४३ ला. यंदा तो सांगत नाही, विचारतो. "किती फूट? किती फूट?" आकडे बारीक छापतात आणि त्याला ते दिसत नाहीयेत. मोतीबिंदू पिकत चाललाय.

गेल्या वर्षी त्याला डोळ्यांसाठी नेलं होतं तेव्हा चौघांनी धरलं, त्यानं एकाचा हात झटकला, आणि असल्या पेशंटला पुन्हा आणू नका म्हणून परत पाठवलं. तुम्ही दोघं गप्प घरी आलात. मला मात्र २०१९ चा महापूर आठवला. गल्लीतल्या पोरांनी काकाला उचलून नावेत घातलं आणि तो गंगावेशीपर्यंत ओरडत राहिला. आपण समजलो पाण्याला भ्यालाय. त्याच्या हिशोबानं आपल्या उंबऱ्याला पाणी लागायला अजून अवकाश होता, आणि तेव्हा पायरी खरंच कोरडी होती. न सांगता उचललं, म्हणून तो ओरडत होता.

तर या वेळी असं करा. डॉक्टरांना आधी एकटे भेटा. सकाळचा पहिला नंबर मागा. काकाला दोनदा नुसतं नेऊन आणा, खुर्चीत बसवा, काहीही न करता परत. दार, खुर्ची, दिवा, पट्टी, घर, असे फोटो क्रमानं लावून मी पाठवते. डॉक्टर म्हणाले तर साध्या थेंबांचा सराव घरी. भूल देऊन करता येईल का, तेही विचारा.

आणि ऑटिझमची रीतसर तपासणी. तुम्ही म्हणाल, एकसष्टाव्या वर्षी हे लेबल कशाला. २०१६ च्या कायद्यातल्या २१ अपंगत्वांत ऑटिझम आहे. प्रमाणपत्र झालं, यूडीआयडी कार्ड, म्हणजे अपंगत्वाचं ओळखपत्र, झालं, की कलेक्टरांच्या समितीकडे पालकत्वाचा अर्ज करता येतो, १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली. मी आणि दादा करू. का, ते लिहीत नाही, तुम्हाला कळतंय. पण काकाला विचारल्याशिवाय नको. त्याचा होकार आईला ओळखता येतो.

मी पुतणी, त्यामुळे तपासणी मला करता येत नाही. शिवाय मी त्याच्याबाबतीत सरळ नाही. नववीत असताना रंकाळ्यावर मैत्रिणी दिसल्या की मी दहा पावलं पुढे चालायचे, हे तुम्हाला माहीत नसेल. आपल्याकडे याला 'स्वमग्नता' म्हणतात, तो शब्द मला पटत नाही. काका स्वतःत कुठे मग्न आहे? तो नदीत मग्न आहे.

आजीबद्दलही लिहायचंय. ग्रहणात विळीवर भाजी चिरली म्हणून पोर असं झालं, हे ती शेवटपर्यंत म्हणायची. लिओ कॅनर या डॉक्टरनं १९४३ साली ११ मुलांवर पहिला लेख लिहिला, त्यात आईबाप थंड असल्याचं नमूद केलं, आणि पुढची वीसेक वर्षं इथल्या आया 'फ्रिजसारख्या' म्हणून बोल खात राहिल्या. १९६४ मध्ये बर्नार्ड रिमलँड या मानसशास्त्रज्ञानं, जो स्वतः अशा मुलाचा बाप होता, कारण मेंदूत आहे, आईच्या मायेत नाही, असं मांडलं. काकाचा जन्म त्याच वर्षीचा. आजीला हे कुणी सांगितलं असतं तर!

बाबा, काका झाला तेव्हा तुम्ही अकरा वर्षांचे होता, म्हणजे पाहिलेलं आता तुमच्याशिवाय कुणापाशी नाही. तो पहिलं काय बोलला, कधी? बोट दाखवून काही मागायचा का, की हात धरून ओढत न्यायचा? हाक मारली तर वळायचा? भोवरा फिरवायचा, की नुसता बघत बसायचा? कुकरची शिट्टी झाली की कान झाकायचा, ते आजीकडून ऐकलंय, पण किती लहान असल्यापासून? आठवेल तसं वहीत लिहा, क्रम नको, अक्षर कसंही चालेल. आई, यांनी टाळाटाळ केली तर तू बसवून घे.

पेपर पुन्हा त्याच्या हातात द्या, फाडला तरी. आकडा मी वाचून दाखवीन. उद्यापासून तुमच्या सकाळी सातला फोन करते, इथे आदल्या संध्याकाळचे साडेसहा झालेले असतात, मी मोकळी असते. फोन काकाच्या हातात द्या आणि स्पीकर बंद ठेवा, त्याला तो आवाज सहन होत नाही.

तुमची,
मनी