बदली म्हणजे हकालपट्टी नव्हे

संपादक महोदय,

माझे जावई मेथडिस्ट या ख्रिस्ती पंथाचे पाळक, म्हणजे धर्मगुरू, आहेत. यंदा त्यांची बदली झाली, तेव्हापासून हर्णै बंदरावर मासळी घ्यायला गेले की एकच प्रश्न: ‘बाय, जावयाला काढला काय?’

काढलेला नाही. मेथडिस्टांत पाळकाला मंडळी (स्थानिक चर्चचे सभासद) नेमत नाही. नेमतात बिशप. चर्चच्याच जिल्हा अधीक्षकांसोबत बसून ते यादी ठरवतात आणि चर्चच्या वार्षिक परिषदेत ती वाचली जाते. नेमणूक एकेका वर्षाची. तीच जागा राहिली तरी नाव दरवर्षी नव्याने वाचायचे.

हे ऐकले की लोक म्हणतात, मंडळीनेच मुलाखती घेऊन पाळक निवडावा, बाप्टिस्ट या दुसऱ्या ख्रिस्ती पंथाच्या मंडळ्या निवडतात तसा. मला ते पटत नाही. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवले आहे. मास्तर निवडणे गावाच्या हाती असते, तर दापोलीला हवे ते मास्तर मिळाले असते आणि डोंगरातल्या वाडीवरच्या शाळेला कुलूप लागले असते. शिवाय मेथडिस्ट चळवळ सुरू करणाऱ्या जॉन वेस्लीने आपले उपदेशक फिरते ठेवले ते उगाच नाही. एकाच ठिकाणी वर्षभर उपदेश केला तर मीही झोपेन आणि मंडळीही, असे त्याने पत्रात लिहिले होते. (काहींना वर्षसुद्धा लागत नाही, ते सोडा.)

पण पाळकाने तोंडच उघडू नये का? अमेरिकेत मेथडिस्ट उपदेशक जेम्स ओकेली यांनी १७९२ मध्ये नेमणुकीविरुद्ध दाद मागण्याचा हक्क मागितला. परिषदेने तो नाकारला, ते बाहेर पडले. आज तिथल्या युनायटेड मेथडिस्ट चर्चमध्ये नेमणुकीआधी पाळकाशी आणि मंडळीच्या समितीशी विचारविनिमय करावाच लागतो. शेवटचा शब्द बिशपचाच, पण विचारतात तरी.

माझ्या लेकीला बदली कळली ती यादी वाचली गेली तेव्हा. बंगला मंडळीचा, पलंग-कपाटेही मंडळीची. तिने आपली भांडी, शिलाई मशीन आणि जावयांच्या पुस्तकांचे खोके टेम्पोत चढवले. नवी शाळा शोधायला वेळच नव्हता, म्हणून दहावीतली नात आता माझ्याकडे आहे.

नेमण्याचा अधिकार बिशपांकडेच राहू द्या. फक्त ज्यांची मुले दहावी-बारावीला आहेत त्यांना यादी वाचण्याआधी एक फोन जावा, आणि शाळा सुरू होण्याआधी बिऱ्हाड हलवता येईल अशा बेताने हजर होण्याची तारीख द्यावी.

— एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका, हर्णै (ता. दापोली)