आठवण लिहायची, पण ‘ती’ म्हणून

संपादक महोदय,

किनारपट्टीवर आजवर सर्वेक्षणाचे फॉर्म पुष्कळ भरले गेले. आमच्याकडे आलेल्या फॉर्मवर आईच्या नावापुढे ‘गृहिणी’ लिहिलं होतं. रापणीवरून, म्हणजे किनाऱ्यावर ओढलेल्या मोठ्या जाळ्यावरून, टोपली भरून उन्हाआधी बाजार गाठणारी बाई ती! ते अजून सलतं.

म्हणून या पावसाळ्यात, होड्या वर ओढलेल्या असताना, वेंगुर्ल्याजवळच्या आमच्या वाडीत सात जणी लिहायला बसलो. पद्धत जर्मनीतल्या स्त्रीवादी समाजशास्त्रज्ञ फ्रिग्गा हाउग आणि त्यांच्या सहकारी स्त्रियांनी १९८०च्या दशकात रुजवलेली. विषय एकच, प्रत्येकीने त्यावर आपल्या आठवणीतला एकच प्रसंग लिहायचा, तोही ‘मी’ऐवजी ‘ती’ म्हणून. मग सगळ्यांनी मिळून तो तपासायचा, गाळलेलं शोधायचं आणि पुन्हा लिहायचं. जिची आठवण, तीच संशोधक.

आमचा विषय होता ‘वास’. एकीने लिहिलं, “बाई वही तपासायला जवळ आल्या तशी तिने बांगडे साफ केलेले हात दप्तराखाली सारले.” वाचून झाल्यावर कोणी बोलेचना. मग कळलं, सातांपैकी पाच जणींनी हात लपवले होते, आणि प्रत्येकीला वाटत होतं की ही लाज आपल्या एकटीचीच. मासे विकून आलेले पैसे कोणाच्या हाती जात, हे मात्र एकीनेही लिहिलं नव्हतं. दुसरी बैठक त्यावरच झाली.

कोकणातल्या महाविद्यालयांनी प्रश्नावली घेऊन येण्याआधी एकदा आमच्या ओटीवर असं लिहायला बसावं. चहा आमच्याकडे.

– एक वाचक, वेंगुर्ले