तो विषाणू नव्हे!

महोदय,

मंगळवारच्या अंकात ‘समुद्री विषाणूंमुळे ४७ टक्के जीवाणू औषधांना दाद देईनात’ ही चौकट वाचली. सोबत चित्र करोनाचं. तोच काटेरी चेंडू! आपल्याकडे दुसरं चित्रच नाही का?

चौकटीत ज्यांना विषाणू म्हटलंय ते विषाणू नाहीत हो, ते ‘जीन ट्रान्सफर एजंट’, म्हणजे एका जीवाणूची जनुकं दुसऱ्याला पोचवणारे कण. दिसतात तसे, डोकं-शेपटी सगळं आहे. पण विषाणू स्वतःची जनुकं पुढे नेतो. हे कण ज्या जीवाणूत तयार होतात त्याच्याच डीएनएचे तुकडे भरून घेतात, हाती लागेल तो तुकडा. एका कणात मावतात जेमतेम ४ हजार बेसजोड्या (डीएनएच्या शिडीच्या पायऱ्या म्हणा) आणि कण घडवणारी मुख्य जनुकंच १४-१५ हजारांची. स्वतःचा आराखडा स्वतःच्याच पिशवीत मावत नाही, त्याला विषाणू कसं म्हणायचं? वर ते बाहेर पडतात पेशी फुटल्यावर. घर मोडून शेजाऱ्यांना भांडी वाटण्यातला प्रकार.

मला हे जरा जास्तच झोंबलं, त्याला कारण आहे. १९८२, बी.एस्सी.ची व्हायवा. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, जीवाणूंत जनुकांची देवाणघेवाण किती प्रकारे होते? मी चार सांगितले. चौथा हाच, बॅरी मार्स यांनी १९७४ साली दाखवलेला. ग्रंथालयात धूळ खात पडलेल्या अंकात वाचला होता. सरांनी चष्मा कपाळावर चढवला. “पुस्तकात तीनच आहेत. पेशीला पेशी चिकटून, मोकळ्या डीएनएतून आणि विषाणूमार्फत.” मी म्हटलं, सर, पेशी गाळून काढल्या तरी गुण पोचतो, डीएनए तोडणारं एन्झाइम घातलं तरी थांबत नाही. “मग विषाणूच की!” वीसपैकी नऊ. माझ्यानंतरच्या मुलीने तीन सांगितले, तिला सोळा. चाळीस-बेचाळीस वर्षांनी आपणही सरांच्याच बाजूने उभे राहिलात, आनंद आहे.

राहिले ते ४७ टक्के. २०१० साली फ्लोरिडाच्या संशोधकांनी कॅनामायसिन या प्रतिजैविकाला न जुमानणारं जनुक खुणेसाठी स्वतःच जीवाणूत घातलं होतं आणि ते या कणांमार्फत समुद्राच्या पाण्यातल्या इतर जीवाणूंत किती पोचतं ते पाहिलं. प्रयोगशाळेत वाढवता येतात तेवढ्यांपैकी, तेही जास्तीत जास्त, ४७ टक्के. समुद्रातले बहुतेक जीवाणू बशीत वाढतच नाहीत. आपण मात्र अख्खा समुद्र औषधाला निगरगट्ट करून टाकलात. काल आमच्या बाजारात कोळीणबाईंना एकीने विचारलंसुद्धा, “बांगडा खायचा ना गं?”

जाता जाता. समुद्राची एवढी काळजी असेल तर भरती-ओहोटीच्या वेळा छापणं का बंद केलंत? त्या जागी आता राशिभविष्य दोनदा येतं, आणि दोन्हींत माझी रास वेगवेगळं सांगते.

आपला,
एक निवृत्त प्रयोगशाळा सहायक, मालवण