बाई, टाचणाच्या समासातल्या लाल शाईबद्दल

आदरणीय बाई,
सा. न. वि. वि.

आंतरवासितेच्या, म्हणजे बी.एड. करताना शाळेत राहून शिकवण्याच्या आठवड्यांच्या, प्रमाणपत्रावर मुख्याध्यापकांची सही असते आणि शाळेचा गोल शिक्का असतो. ज्यांच्या वर्गात पाठ झाले त्या शिक्षकांचं नाव त्यावर कुठेच येत नाही. ते राहून जाऊ नये म्हणून हे पत्र, आणि इतर शाळांतल्या शिक्षकांनीही वाचावं म्हणून उघडं.

बी.एड. 2015 पासून दोन वर्षांचं झालं आणि शाळेत घालवायचे आठवडे 20 झाले, पहिल्या वर्षी 4 आणि दुसऱ्या वर्षी 16. कागदावर हे छात्राध्यापकांचे, म्हणजे आमच्यासारख्या शिकाऊ शिक्षकांचे आठवडे, पण तास जातात ते वर्गशिक्षकांचे. घटक चाचणीची तारीख काही पुढे सरकत नाही. पाठ फसला तर तोच घटक पुन्हा शिकवावा लागतो, तोही तुम्हालाच. म्हणून पुष्कळ ठिकाणी सोपी वाट काढतात. छात्राध्यापकांना बदली तासांवर पाठवायचं, नाहीतर कार्यालयात याद्या उतरवायला बसवायचं. तुम्ही आख्खी सहावी आमच्या हाती दिलीत, आणि शिक्षक खोलीत न जाता टाचणवही (आम्ही पाठाचा आराखडा, म्हणजे टाचण, लिहितो ती वही) घेऊन मागच्या बाकावर बसलात.

आभार मानायचे ते त्या वहीतल्या एका सूचनेसाठी. पाठ टाचणात शिक्षक कृती, विद्यार्थी कृती आणि फलक लेखन असे रकाने असतात. विद्यार्थी कृतीच्या रकान्यात आम्ही सगळे तेच लिहितो: ‘विद्यार्थी उत्तर देतात.’ त्यापुढे कंसात बरोबर उत्तर. सगळी मुलं, सगळी उत्तरं बरोबर! तुम्ही समासात लाल शाईनं लिहिलंत, ‘प्रत्येक मुख्य प्रश्नाखाली दोन चुकीची उत्तरं लिहा. ती आली तर पुढे काय कराल तेही.’

ही सवय लागते सूक्ष्म अध्यापनात, म्हणजे सोबत्यांसमोर छोटे पाठ घेण्याच्या सरावात. त्याचं चक्र 36 मिनिटांचं असतं. 6 मिनिटं अध्यापन, 6 प्रत्याभरण (पाठावरचा अभिप्राय), 12 पुनर्नियोजन, 6 पुनर्अध्यापन, 6 पुन्हा प्रत्याभरण. एका वेळी एकच कौशल्य घ्यायचं, मग ते प्रश्न विचारण्याचं असो, प्रबलनाचं (शाबासकी देऊन उत्तेजन देण्याचं) असो की फलक लेखनाचं. चक्र चांगलंच आहे, आवाज आणि हात त्यातच तयार होतात. पण समोर बसलेले ‘विद्यार्थी’ आपलेच सोबती, पदवीधर. उद्या त्यांचाही पाठ असतो, त्यामुळे आज ते कुणाला अडवत नाहीत. प्रबलनाच्या पाठात निरीक्षक ‘छान’ किती वेळा आलं याच्या उभ्या रेघा मारतो, म्हणून प्रत्येक उत्तराला ‘छान’ म्हणायचं अंगवळणी पडतं. खऱ्या वर्गात पाचव्या ‘छान’नंतर मुलं ते ऐकतही नाहीत. ‘समच्छेद का करावासा वाटला?’ असं विचारलं की मात्र मूल मान वर करून बघतं. हा फरक तुमच्या वहीतून कळला.

½ + ⅓ हेच घ्या. हे पाचवीत शिकवून झालेलं असतं. तरीही सहावीत हमखास येणारं उत्तर म्हणजे 2/5. वर वर मिळवलं, खाली खाली मिळवलं. टाचणात यावर आमचा उपाय एका ओळीचा होता: ‘शिक्षक योग्य रीत सांगतात.’ तुमचं म्हणणं, रीत सांगून मूल ती पाठ करतं आणि पंधरा दिवसांनी पुन्हा 2/5 लिहितं. आधी त्याचं उत्तर त्यालाच खोटं दिसलं पाहिजे. तुम्ही विचारायचा प्रश्न असा: ‘अर्धी भाकरी होती. आणखी एक तृतीयांश आली. आता अर्धीपेक्षा जास्त झाली की कमी?’ जास्त, सगळेच सांगतात. ‘मग 2/5 अर्ध्याहून मोठे की लहान?’ इथे वर्ग गप्प होतो, आणि इथेच कागदाच्या पट्ट्या वाटायच्या.

पट्टी 12 सेंमीचीच का, हेही तुम्ही समासात लिहिलं होतंत. 10 सेंमीची घेतली तर तिसरा भाग 3.33 वर जातो आणि मुलं अपूर्णांक सोडून मोजपट्टीशी झगडत बसतात. 12 ला 2, 3, 4, 6 या सगळ्यांनी भाग जातो. अर्धी 6 सेंमी, तृतीयांश 4 सेंमी. टोकाला टोक लावून ठेवल्या की 10 सेंमी. आता 2 सेंमीचे तुकडे मोजायचे: अख्ख्या पट्टीत सहा, जोडलेल्यात पाच. 5/6 डोळ्यांना दिसतं आणि छेद 6 कुठून आला तेही. चौथी, लाल पट्टी 2/5 ची, म्हणजे 4.8 सेंमी. ती 6 सेंमीच्या अर्ध्या पट्टीखाली ठेवली की आखूड पडते. त्यावर बोलायचं काही उरत नाही.

यातही चुका होतातच. घडी घालून तृतीयांश काढायला सांगितलं तर कडा जुळत नाहीत, म्हणून घडी नको, मोजून खूण करा. काही मुलं मोजपट्टी 0 ऐवजी 1 पासून धरतात आणि त्यांची अर्धी पट्टी 5 सेंमीची निघते. पट्ट्या वेगवेगळ्या लांबीच्या कापल्या गेल्या तर सगळाच घोळ, कारण अर्धं कशाचं आणि तृतीयांश कशाचं? ‘पूर्ण’ एकच हवं. आणि 12 सेंमीची पट्टी फळ्याशी धरून काही उपयोग नाही, मागच्या बाकावरून ती दिसत नाही. फळ्यासाठी 60 सेंमीची कार्डशीटची पट्टी करायची, म्हणजे 30, 20 आणि 24 असे सोपे आकडे मिळतात.

वेळेचा हिशेब तुम्ही वहीच्या मागच्या पानावर मांडला होता. तास 35 मिनिटांचा. हजेरी आणि स्थिरस्थावर होण्यात 3 जातात. टाचणात प्रस्तावना 5 मिनिटांची असते, वर्गात ती 12 होते, कारण मुलं उत्साहानं बोलत असतात आणि आपल्याला वाटतं पाठ रंगलाय. मग घंटा होते आणि मूल्यमापन राहून जातं, म्हणजे नेमकं कुणाला काय कळलं ते न कळता आपण बाहेर पडतो. तुमचा उपाय असा की 22 व्या मिनिटाला जे काही चालू असेल ते थांबवायचं आणि एकच उदाहरण वहीत सोडवायला द्यायचं. प्रस्तावना कापली तरी चालेल, हे उदाहरण कापायचं नाही.

‘समजलं का?’ हा प्रश्न तुम्ही प्रत्येक टाचणात खोडलात. त्याला ‘हो’ शिवाय उत्तर येत नाही. आधी प्रश्न, मग मनात तीनपर्यंत मोजायचं, मग नाव घ्यायचं. नाव आधी घेतलं की उरलेले चव्वेचाळीस जण सुटतात. उद्दिष्टांतलं ‘विद्यार्थ्यास समजते’ हेही तसंच खोडलेलं. समजलेलं दिसत नाही, ‘समच्छेद करून दाखवतो’, ‘दोन अपूर्णांकांतला मोठा ओळखतो’ हे दिसतं.

फळ्याबद्दलच्या सूचना थोडक्यात होत्या. हात लांबवून ओळ ओढली की शिरोरेषा वर चढत जाते, म्हणून लिहिता लिहिता पाय सरकवायचे. नवा खडू मोडून अर्धा घ्यायचा म्हणजे किंचाळत नाही.

चाचणीचं मात्र विसरता येणार नाही. संविधान तक्ता, म्हणजे कोणत्या उद्दिष्टाला किती गुण याचा तक्ता, सगळे बिनचूक भरतात, ज्ञान, आकलन, उपयोजन, कौशल्य, बेरीज बरोबर 25. पण तीन गुणांचं उदाहरण तपासताना उत्तर चुकलं की शून्य. तुम्ही गुणदान योजना फोडून घेतलीत: समच्छेदाला 1, बेरजेला 1, संक्षिप्त रूपाला 1. पेपर तपासून झाले की गुणांची नव्हे, चुकांची यादी करायची. समच्छेदावर अडलेले किती, नुसत्या बेरजेत चुकलेले किती. पुढचं टाचण त्या यादीवरून.

आणि ऑगस्ट 2023 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर पहिली ते पाचवीसाठी बी.एड. चालत नाही, डी.एल.एड.सारखी प्राथमिक शिक्षणाची पदविका लागते, हे कोणताही आडपडदा न ठेवता पहिल्याच आठवड्यात सांगितलंत. त्यामुळे कुणी टीईटीच्या (शिक्षक पात्रता परीक्षेच्या) चुकीच्या पेपरचा फॉर्म भरला नाही. सहावी ते आठवीसाठी दुसरा पेपर, खुल्या प्रवर्गाला 150 पैकी 90 गुण लागतात. याबद्दलही आभार.

जाता जाता: वर्गाच्या कपाटात वरच्या कप्प्यात 9 पाकिटं ठेवली आहेत, पाच-पाच मुलांच्या गटासाठी. प्रत्येकात पूर्ण, अर्धी, तृतीयांश आणि लाल अशा चार पट्ट्या. 60 सेंमीची पट्टी गुंडाळी फळ्यामागे उभी आहे, वाकवू नये. प्रत्येक पाकिटाच्या मागे त्या गटाकडून आलेली चुकीची उत्तरं लिहिली आहेत. पुढच्या वर्षीच्या छात्राध्यापकांना टाचणाआधी ती वाचायला द्यावीत.

आपले,
बी.एड. द्वितीय वर्षाचे छात्राध्यापक