सायलीला पत्र: 'द प्रिझनर'ची पेटी आली

टोरोंटो

चि. सायलीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझा निरोप मिळाला. "आत्या, ती पेटी खरंच घेण्यासारखी आहे की नुसती कपाटात शोभा?" असं 'द प्रिझनर' या जुन्या टीव्ही मालिकेच्या ब्लू-रे पेटीबद्दल विचारलंस. तू एडिटिंग शिकते आहेस, म्हणून सविस्तर लिहिते. आधी निकाल सांगून टाकते: घेण्यासारखी आहे. पण लोक ज्यासाठी अशा पेट्या घेतात, म्हणजे चकचकीत खोका आणि मर्यादित आवृत्तीचा शिक्का, त्यासाठी नाही. त्या पेटीत एका भागाचा कच्चा कट, म्हणजे प्रक्षेपणाआधीची जुळणी आहे, आणि तेवढ्यासाठीसुद्धा मी ती पुन्हा मागवीन.

दादा-वहिनींना तू पत्र वाचून दाखवशीलच, तेव्हा त्यांच्यासाठी थोडी ओळख. 'द प्रिझनर' ही १९६७-६८ सालची ब्रिटिश मालिका, एकूण सतरा भागांची. एक हेर तडकाफडकी राजीनामा देतो, घरी येऊन बॅग भरायला घेतो, आणि बेशुद्ध पडतो. शुद्धीवर येतो तेव्हा तो एका रंगीबेरंगी, नीटनेटक्या गावात असतो. गावाला नाव नाही, माणसांनाही नाव नाही, सगळ्यांना नंबर. हा नंबर सहा. राजीनामा का दिलास, एवढं एकच त्याच्याकडून काढून घ्यायचं असतं. विचारणारा नंबर दोन जवळजवळ दर भागात बदलतो, आणि नंबर एक कोण ते कळत नाही. पॅट्रिक मॅगूहन नंबर सहा झाला, मालिकेमागची मुख्य कल्पना त्याची, काही भाग त्यानेच लिहिले आणि दिग्दर्शित केले. पैसे लू ग्रेडच्या आयटीसी या ब्रिटिश टीव्ही कंपनीचे. इथे कॅनडात ती सप्टेंबर १९६७ च्या सुरुवातीलाच दाखवली गेली, ब्रिटनच्याही काही आठवडे आधी. इथल्या जुन्या प्रेक्षकांना ती आपली वाटते, त्यामागे हेही एक कारण असावं.

माझ्याकडे आलेला संच इंग्लंडचा, मालिकेला पन्नास वर्षं झाली तेव्हा २०१७ मध्ये निघालेला. काढणारी कंपनी २०२३ मध्ये बंद झाली, त्यामुळे मी तो तिकडच्या एका संग्राहकाकडून घेतला. पार्सलवर इथे कर भरला आणि पेटी हातात आली. ब्लू-रे डिस्क, संगीताच्या सीडी आणि मालिकेवरचं अँड्र्यू पिक्सलीचं जाडजूड पुस्तक. पेटीच्या देखणेपणाबद्दल याहून जास्त लिहीत नाही.

चित्राबद्दल मात्र लिहायला हवं. मालिका ३५ मिलिमीटर फिल्मवर, रंगीत शूट झाली होती. बहुतेक घरांत तेव्हा काळा-पांढरा टीव्ही होता, पण अमेरिकेत विकायची म्हणून रंगीत. त्या मूळ निगेटिव्हवरून नवं स्कॅनिंग झालं आणि एकेक फ्रेम साफ केली गेली. व्हिडिओ टेपवर काढलेल्या त्या काळच्या मालिकांच्या नशिबात हे नाही, टेपवर जेवढं उमटलं तेवढंच उरलं. इथे कोटाच्या काठावरची पांढरी पट्टी, छत्र्यांवरचे रंग, अल्बर्टस नावाच्या अक्षरवळणातल्या गावाच्या पाट्या, सगळं काल काढल्यासारखं दिसतं. गाव खरं आहे बरं का: उत्तर वेल्समधलं पोर्टमेरियन. क्लफ विल्यम्स-एलिस या वास्तुरचनाकाराने १९२५ पासून कित्येक दशकं ते हळूहळू उभं केलं, इटलीच्या किनाऱ्यावरच्या वस्त्यांसारखं. मालिकेत त्याचं नाव शेवटच्या भागापर्यंत गुप्त ठेवलं होतं.

आता या स्वच्छतेचा दुसरा परिणाम. बाहेरचं चित्रण पोर्टमेरियनला झालं, पण आतलं बरंचसं लंडनजवळ बोरहॅमवुडच्या एमजीएम स्टुडिओत. नंतरच्या काही भागांत तर गावातले प्रसंगही स्टुडिओत मागे पडदा लावून घेतलेत. जुन्या धुरकट प्रतीत ते खपून जायचं. आता एका कटमध्ये खरं ऊन आणि पुढच्या कटमध्ये दिव्यांचा उजेड असा फरक स्पष्ट दिसतो. दूरच्या शॉटमध्ये पळणारा माणूस मॅगूहन नसून त्याचा डबल फ्रँक मेहर आहे, हेही लक्ष देऊन पाहिलं तर ओळखू येतं. काही रसिकांना याचा त्रास होतो. मला झाला नाही, आणि तुला तर मुळीच होऊ नये. सांधा कुठे आहे ते दिसल्याशिवाय तो किती सफाईने जोडलाय हे कसं कळणार? मॅगूहनची मान वळते, कट, वेल्सचा समुद्र, कट, स्टुडिओतली भिंत. नजरेची दिशा इतकी अचूक जुळवलीय की जागा बदलल्याचं माहीत असूनही मन ते मान्य करतं.

सुरुवातीची शीर्षकं तर आवाज बंद करून एकदा बघच. दाटून आलेले ढग, रिकामा रस्ता, लोटस सेव्हन गाडी समोरून अंगावर येते. लंडन, तळघरातलं गाडीतळ, लांब बोळ, दारं धाडकन उघडतात. टेबलामागे बसलेला माणूस मान वर करत नाही. तो जॉर्ज मार्कस्टाइन, मालिकेचा पटकथा-संपादक. पुढे मॅगूहनशी मतभेद होऊन तो मालिका सोडून गेला. टेबलावर मूठ आपटते, कपबशी उडते. मग यंत्र त्या हेराच्या फोटोवर ओळीने फुल्या टाइप करतं आणि फोटो राजीनाम्यांच्या खणात जाऊन पडतो. तो घरी येतो, मागे काळी शववाहिका. कुलपाच्या भोकातून पांढरा धूर आत येतो, खिडकीबाहेरच्या उंच इमारती डोळ्यांसमोर फिरतात. डोळे उघडतात तेव्हा खोली तीच आणि खिडकीबाहेर ते गाव. जेमतेम तीन मिनिटं, आणि त्यात एका शब्दाचा संवाद नाही. नंबर दोनशी होणारी ती प्रसिद्ध प्रश्नोत्तरं, 'मी नंबर नाही, मी स्वतंत्र माणूस आहे' वगैरे, याच्यानंतर येतात आणि पहिल्या भागात तीही नाहीत. एवढी मोठी पूर्वकथा इतक्या थोड्या शॉट्समध्ये सांगणारी दुसरी शीर्षकं माझ्या पाहण्यात नाहीत.

आता त्या कच्च्या कटकडे येते. पहिल्या भागाचं नाव 'अरायव्हल'. मालिका प्रक्षेपित व्हायच्या आधी त्याचा एक सुरुवातीचा कट तयार झाला होता, त्याला विल्फ्रेड जोसेफ्सचं संगीत होतं. मॅगूहनला ते पटलं नाही. रॉबर्ट फार्ननकडूनही धून करून घेतली, तीही बाजूला पडली. शेवटी 'डॉक्टर हू' या ब्रिटिश मालिकेची धून देणारा रॉन ग्रेनर आला. त्याची पहिली चाल सौम्य होती, ती जोरकस करून घेतली, आणि आज आपण ऐकतो ती धून तयार झाली. हा सगळा इतिहास पुस्तकांत वाचायला मिळतो. पेटीत तो ऐकायला आणि पाहायला मिळतो, कारण तो जुना कट नीट साफसूफ करून दिलाय, आणि जोसेफ्सचं संगीत नुसतं ऐकायचीही सोय आहे.

मी दोन्ही कट एकामागून एक पाहिले. तीच गाडी, तोच बोळ, तीच मूठ. जोसेफ्सच्या संगीतात ताण आहे, पण तो कारस्थानाचा ताण आहे. पडद्यामागे कुणीतरी याच्यावर टपून बसलंय, असं ते सतत सांगत राहतं. त्यामुळे नायक पहिल्या मिनिटापासून सावज वाटतो. ग्रेनरची धून सुरू झाली की तोच माणूस तोच बोळ ताडताड चालतो आणि वाटतं, हा निघालाय, याला कुणी अडवून दाखवावं. राग त्याचा आहे, निर्णयही त्याचा आहे. पुढे सतरा भाग हा माणूस वाकणार नाही याची खात्री त्या पितळी वाद्यांनी तिथेच दिलेली असते. जोसेफ्स वाईट संगीतकार नव्हता, हे संगीतही वाईट नाही, सुटं ऐकलं तर मला ग्रेनरपेक्षा ते जास्त गुंतागुंतीचं वाटतं. फक्त ते दुसऱ्या कुठल्यातरी माणसाची गोष्ट सांगतं. वर्गात तुम्हाला संगीत लावून तेच दृश्य पुन्हा पुन्हा दाखवत असतील, पण ते उदाहरण म्हणून केलेलं असतं. इथे खऱ्या माणसांनी, खरे पैसे लागलेले असताना, एक पूर्ण झालेलं काम नाकारलं आणि दुसरं घेतलं. ते दोन्ही निर्णय शेजारी शेजारी ठेवलेले क्वचित बघायला मिळतात.

'द चाइम्स ऑफ बिग बेन' या भागाचाही असाच आधीचा कट आहे. त्यात नंबर सहा ताऱ्यांवरून गाव कुठे आहे ते काढायला एक प्राचीन उपकरण वापरतो, तो प्रसंग प्रक्षेपित भागात नाही. काढला ते बरं झालं. गाव कुठे आहे हे मोजता येतं म्हटलं की त्याची निम्मी भीती गेली.

उरलेल्या भागांबद्दल मत देते, पण तू स्वतः ठरव. सगळे भाग सारखे नाहीत. मॅगूहन दुसऱ्या सिनेमाच्या चित्रीकरणाला गेला असताना नंबर सहाचं मन दुसऱ्या माणसाच्या शरीरात घालून निजेल स्टॉककडून काम करून घेतलं, तो भाग मला ओढूनताणून केलेला वाटतो. लिओ मॅकर्न नंबर दोन म्हणून येतो ते भाग मात्र जपून ठेवण्यासारखे. गावाचा पहारेकरी असलेला पांढरा गोळाही मला फार आवडतो. त्याच्या जागी आधी चाकांवर चालणारं यंत्र बांधलं होतं, ते काही धड चालेना, मग हवामान खात्याच्या फुग्यावर काम भागवलं. माणूस त्याखाली गुदमरतो तेव्हा पांढऱ्या पडद्यावर आतून चेहऱ्याचा आणि उघड्या तोंडाचा ठसा उमटतो. नव्या प्रतीत त्या पडद्याची प्रत्येक सुरकुती दिसते. ते यंत्र चाललं असतं तर ही भीती मालिकेला कधीच मिळाली नसती.

भागांचा क्रम हा रसिकांत कायमचा वादाचा विषय. 'डान्स ऑफ द डेड' सुरुवातीलाच चित्रित झाला होता, पण ब्रिटनमध्ये आठवा दाखवला, आणि त्यात नंबर सहा म्हणतो, मी इथे नवीन आहे. तू तो लवकर बघ, दुसरा किंवा तिसरा. मॅगूहनच्या मनात मुळात सातच भाग होते, ग्रेडला विकण्यासाठी सव्वीस हवे होते, सतरावर थांबलं. सात भागांचं त्याने इथेच टोरोंटोत सांगितलं, १९७७ मध्ये टीव्हीओंटॅरिओ या इथल्या वाहिनीसाठी वॉर्नर ट्रॉयरने विद्यार्थ्यांसमोर घेतलेल्या मुलाखतीत. ती मुलाखत जरूर मिळवून बघ. प्रश्नाला उत्तर देतो आणि देतही नाही, अगदी नंबर सहासारखा. पेटीतला क्रिस रॉडलीचा 'इन माय माइंड' हा माहितीपटही त्याच वळणाचा आहे. रॉडलीने १९८०च्या दशकात मॅगूहनची मुलाखत घेतली होती, ते जुनं चित्रण त्यात आहे. मुलाखत द्यायला बसलेला माणूस सूत्रं स्वतःच्या हाती कशी घेतो, हे त्यात दिसतं.

शेवटच्या 'फॉल आउट'बद्दल एक अक्षर लिहिणार नाही. त्या वेळी लोक चिडले होते, एवढंच. वहिनी आधीच शेवट शोधून वाचते, तिला रिमोटपासून लांब ठेव.

आवाजाचे दोन पर्याय आहेत, नवा पाच स्पीकरचा आणि मूळ मोनो, म्हणजे सगळा आवाज एकाच पट्टीवर असलेला. मोनोच लाव. मूळ मिश्रणात संवाद आणि संगीत एकमेकांवर आदळतात तो त्यांचा हिशोब आहे, नव्यात तो पातळ होतो.

एक व्यवहाराची गोष्ट. ब्लू-रेसाठी जगाचे तीन विभाग केलेत. कॅनडा अ, म्हणजे त्यांच्या अक्षरांतला ए, ब्रिटन बी आणि भारत सी. माझा प्लेअर सगळे विभाग वाचतो म्हणून मला अडचण आली नाही. तुमच्या इन्स्टिट्यूटमधला वाचतो का ते विचारून कळव. ब्रिटिश डिस्कवरचं जुनं जोडसाहित्य पुष्कळदा ५० हर्ट्झचं, म्हणजे सेकंदाला पन्नास वेळा चित्र बदलणारं असतं, ते इथल्या कितीतरी टीव्हींना झेपत नाही, पण भारतात पहिल्यापासून तीच पद्धत असल्यामुळे तुला त्याची काळजी नको.

प्लेअरचं जमलं की डिस्क मी येताना घेऊन येईन. आधी प्रक्षेपित 'अरायव्हल' बघ, दुसऱ्या दिवशी कच्चा कट, आणि वहीत टिपून ठेव की कुठला शॉट लांब होता, कुठला गेला, कुठे तुला स्वतःला कापावंसं वाटलं. पिक्सलीचं पुस्तक मात्र मी सध्या इथेच ठेवते आहे, नाहीतर तू आधी तेच वाचशील. तुझी टिपणं आली की मग पाठवते.

दादा-वहिनींना नमस्कार. आजीच्या डोळ्यांचं काय झालं ते सविस्तर कळव.

तुझी,
आत्या