पुस्तकं कपाटाबाहेर काढा, एखादं फाटलं तर फाटू दे

संपादकांना सप्रेम नमस्कार,

दरवर्षी १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन असतो आणि दुसऱ्या दिवशी पेपरात रांगेत बसून पुस्तकं धरलेल्या पोरांचे फोटो येतात. आमच्याही शाळेचा एकदा आलाय, नीट बघितलं तर पहिलीतल्या एकाने पुस्तक उलटं धरलंय. फोटो झाला की पुस्तकं परत कपाटात. शिक्षण हक्क कायद्यात (२००९) प्रत्येक शाळेत लायब्ररी हवी, त्यात गोष्टीची पुस्तकं हवीत असं स्पष्ट लिहिलंय, तर लायब्ररी आहे ना, कुलपात आहे. फाटलं तर साठा रजिस्टरला काय दाखवायचं ही भीती, आणि ही भीती मलाही होती, उगाच दुसऱ्यांना कशाला बोलू.

आमची शाळा द्विशिक्षकी, पहिली ते चौथी मिळून २७ मुलं. आमच्याकडे बाजाराचं एक चित्रांचं पुस्तक होतं, शब्द जवळजवळ नाहीतच. आजी कोंबडी घेऊन बाजाराला निघते आणि शेवटच्या चित्रात कोंबडी परत घरी, आजीच्या आधी पोचलेली. मधलं एक पान पहिलीतल्या दोघांच्या ओढाओढीत फाटलं आणि कुठं गेलं ते सापडलंच नाही. मी चिडले होते, खोटं कशाला सांगू. पण मुलं मला विचारायला लागली की बाई, मधे काय झालं असेल, आणि मी म्हटलं तुम्हीच सांगा. पुढचे पंधरा दिवस आमची शाळा त्या एका हरवलेल्या पानावर चालली.

पहिलीवाल्यांनी तोंडी सांगितलं आणि मातीच्या कोंबड्या केल्या, त्यातली एक कोंबडी कमी आणि म्हैस जास्त होती. दुसरीने चित्रं काढून कोंबडीच्या तोंडी वाक्यं लिहिली, अर्थात त्यांच्या घरी बोलतात त्या भाषेत, मी शुद्धलेखनाचा लाल पेन त्या दिवशी बाजूला ठेवला. तिसरीला परिसर अभ्यासात नकाशा असतोच, त्यांनी आमच्या मंगळवारच्या बाजाराचा नकाशा काढला, भाजीवाले इकडे, सुक्या मासळीवाल्या तिकडे, आणि कोंबडी कुठून कुठं पळाली ते लाल खडूने दाखवलं. एकाने येताना कोंबडीचा भाव पण विचारून आणला, मग ती विकली असती तर आजीला किती तेल, किती साखर आली असती हा हिशोब आपोआप झाला.

चौथीने पुस्तकच करायचं ठरवलं. ऑफिसातले पाठकोरे कागद घेतले, परिपत्रकांचा असा उपयोग पहिल्यांदाच झाला, छापील बाजू आत ठेवून दोन दोन कागद कणकेच्या खळीने चिकटवले आणि वजनाखाली वाळवले. असे चार जोडकागद मधोमध दुमडून एकात एक घातले की सोळा पानांचं पुस्तक होतं, मधे दाभणाने तीन भोकं आणि गोधडीचा दोरा. पहिल्यांदा पोरांनी कागद सुटे असतानाच ओळीने गोष्ट लिहून काढली आणि शिवल्यावर कोंबडी आधी घरी आणि मग बाजारात! मग एका पुस्तकाला पानांचे आकडे घालून ते उसवून बघितलं, एकाच कागदावर शेजारी शेजारी सोळा आणि एक, त्याच्याच मागे दोन आणि पंधरा, मधल्या कागदावर आठ आणि नऊ. एक मुलगी एकदम ओरडली, बाई बेरीज दरवेळी सतराच येतेय! मी इतकी वर्षं शिकवतेय पण हे मला माहीत नव्हतं हो.

आता प्रोजेक्टचं बोलते. आकारिक मूल्यमापनात, म्हणजे वर्षभर चालणाऱ्या मूल्यमापनात, उपक्रम आणि प्रकल्प हे आम्हाला नोंदवावंच लागतं, म्हणून काय होतं तर स्टेशनरीच्या दुकानातून फळं, वाहनं, आपले मदतनीस असे छापील चित्रांचे कागद आणायचे, कापायचे, चिकटवायचे, आणि ते पण रात्री आईने. सगळ्यांच्या वह्या सारख्या. यात शिक्षकांची पण चूक आहे, फळ्यावर मी कोंबडी काढली की सत्तावीस कोंबड्या माझ्यासारख्याच येतात हे मी करून बघितलंय, म्हणून आता मी काढतच नाही. एकच पुस्तक चारी वर्गांना चालतं, वर्गाप्रमाणे फक्त काम बदलायचं, आणि दोन वर्ग एका खोलीत सांभाळणाऱ्या बाईला याच्याइतकी सोय दुसरी नाही.

पुस्तकं नाहीत म्हणणाऱ्यांसाठी सांगते, नॅशनल बुक ट्रस्टची स्वस्त चित्रपुस्तकं मराठीत मिळतात, आणि प्रथम बुक्सने २०१५ला सुरू केलेल्या स्टोरीवीव्हर या वेबसाईटवर मराठी गोष्टी फुकट आहेत, डाऊनलोड करा, प्रिंट काढा, परवानगी विचारत बसावं लागत नाही. आम्ही मोबाईल टीव्हीला जोडतो, मजकुरावर पुठ्ठा धरतो आणि आधी चित्रंच वाचतो. तरी हातातल्या पुस्तकाची मजा त्याला नाही, टीव्हीचं पान कोणी ओढून फाडू शकत नाही ना.

शेवटी तुमच्याकडे एक मागणं. बालपुरवणीत रंग भरायचं तयार चित्र असतं, त्याऐवजी महिन्यातून एकदा तरी बिनशब्दांची चार चित्रं छापा आणि तिसऱ्याची चौकट कोरी सोडा. चौकट जरा मोठी ठेवा, पहिलीच्या मुलांना छोट्या जागेत काढता येत नाही, आणि मागच्या बाजूला महत्त्वाचं काही छापू नका, स्केचपेन आरपार उमटतं.

आपली,
एक प्राथमिक शिक्षिका, सातारा जिल्हा